अकरा अल्पाका, एक लोकरीचं दुकान आणि एकच बँक खातं

हे प्रकरण न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात राहणाऱ्या एका मराठी जोडप्याचं आहे. छोट्या धंद्यांचे हिशेब आणि करविवरणपत्रं बघणं हा माझा व्यवसाय, त्या निमित्ताने ते माझ्याकडे आले. त्यांच्या संमतीने लिहितो आहे. गाव, नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, रकमा मोघम केल्या आहेत. मी त्यांना ताई आणि भाऊजी म्हणतो, इथेही तेच ठेवतो.

पार्श्वभूमी

ताईंनी २०१६ मध्ये गावातल्या हमरस्त्यावर लोकरीचं दुकान काढलं. जागा भाड्याची. पुढे काचेची खिडकी, मागे एक लांब टेबल आणि त्याभोवती आठ-दहा खुर्च्या. गुरुवारी संध्याकाळी विणणाऱ्या बायका तिथे जमतात, दोन पुरुषही नेमाने येतात. दुकानाचं गणित जगभर असतं तसंच आहे. घाऊक विक्रेत्याकडून लडी ज्या भावाने येते, त्याच्या साधारण दुप्पट भावाने विकायची. त्या दुपटीतून भाडं, वीज, विमा, न खपलेल्या रंगांवरची सूट हे सगळं भागवायचं आणि उरेल ते आपलं. मेरिनो मेंढीची लोकर, सुती धागा, मोज्यांसाठी नायलॉन मिसळलेली लोकर, सुया, क्रोशाचे हुक, नमुन्यांची पुस्तकं. वर्षाकाठी वीस-बावीस हजार डॉलर हातात पडत. घराचा हप्ता आणि आरोग्यविमा भाऊजींच्या संगणकाच्या नोकरीवर चालतो, त्यामुळे तेवढं पुरेसं होतं.

घरामागे सहा एकर जमीन आहे. २०१९ मध्ये तिथे चार अल्पाका आले, म्हणजे उंटाच्या कुळातली, दक्षिण अमेरिकेतली लोकरीची जनावरं. कल्पना भाऊजींची: बायकोचं दुकान लोकरीचं, तर लोकर घरचीच का नको?

त्यांना जनावरं परवडली यामागे एक जुनी गोष्ट आहे. अमेरिकेत अल्पाका व्यापारासाठी आणायला सुरुवात झाली १९८४ मध्ये. पुढे पैदासकारांनी १९९८ पासून परदेशी जनावरांची नोंदणी बंद केली आणि देशातल्या देशात भाव चढत गेले. चांगल्या मादीला वीस-पंचवीस हजार डॉलर मोजणारे लोक होते. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन कृषी-अर्थशास्त्रज्ञांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं की लोकरीच्या उत्पन्नावर हा भाव टिकणं शक्य नाही, पुढचा गिऱ्हाईक मिळतोय तोवरच ही मजा आहे. २००८ च्या मंदीनंतर फुगा फुटला. आज खच्ची केलेला नर काही शे डॉलरना मिळतो, कधी फुकटही. जनावर स्वस्त झालं, चारा मात्र झाला नाही.

पहिल्या चार जनावरांनी त्रास दिला नाही. अल्पाका शांत असतात, सगळा कळप ठरलेल्या एक-दोन जागीच लेंडी टाकतो, त्यामुळे गोठा झाडायला वेळ लागत नाही. भांडण झालंच तर एकमेकांवर थुंकतात. ते थुंकणं म्हणजे पोटातलं आंबलेलं हिरवं गवत असतं आणि मधे उभ्या राहिलेल्या माणसाच्या स्वेटरचा वास दोन धुण्यांतही जात नाही.

२०२१ मध्ये जवळचा एक म्हातारा शेतकरी शेती आवरत होता. सात जनावरं, चाऱ्याच्या गव्हाणी आणि लोखंडी फाटकं असं सगळं मिळून त्याने बाराशे डॉलर मागितले. भाऊजींनी त्याच दिवशी हो म्हटलं. ताईंना कळलं ते ट्रेलर आवारात आल्यावर. पहिला निर्णयाचा क्षण हाच. जनावराची किंमत ही त्याच्या खर्चातली सगळ्यात छोटी रक्कम असते. अल्पाका पंधरा ते वीस वर्षं जगतो. सात जनावरं घेणं म्हणजे सात जणांच्या तेवढ्या वर्षांच्या चाऱ्याची हमी घेणं, आणि ते बाराशे डॉलरच्या पावतीवर लिहिलेलं नसतं.

अडचण

२०२३ च्या ऑक्टोबरात दोघंही दुकानात गुंतले होते. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी ऱ्हाइनबेकला राज्याचा मेंढी-लोकर मेळा भरतो. त्याच्या आगेमागे पंचक्रोशीतल्या प्रत्येक लोकरीच्या दुकानात बाहेरगावचे लोक येतात. दिवाळीच्या आधीचे आठ दिवस कापडदुकानात जशी गर्दी असते तशी. त्या धांदलीत जनावरांचं महिन्याचं इंजेक्शन राहून गेलं.

हे इंजेक्शन आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचं. इथल्या रानात पांढऱ्या शेपटीची हरणं आहेत. त्यांच्या अंगात एक जंत असतो, हरणाला तो काही करत नाही. हरणाच्या लेंडीतून तो गोगलगायीत जातो आणि गवताबरोबर ती गोगलगाय अल्पाकाच्या पोटात गेली की जंत पाठीच्या कण्यात शिरतो. म्हणून या भागात दर तीस दिवसांनी टोचावं लागतं. जमीन कडक गोठेपर्यंत गोगलगायी हिंडतात, त्यामुळे ऑक्टोबर चुकवायचा महिना नव्हेच.

नोव्हेंबरच्या मध्यात एक मादी गव्हाणीशी आली नाही. भाऊजी जवळ गेले तर ती पुढच्या पायांवर उठायची, मागचे पाय एकमेकांत अडकायचे आणि ती बसकण मारायची. व्हेट, म्हणजे जनावरांच्या डॉक्टर, दुपारी आल्या. त्यांनी समजावून सांगितलं की आयव्हरमेक्टिनचा आता उपयोग नाही, ते मेंदू आणि कण्यापर्यंत पोचत नाही, ते फक्त आधी देण्याचं औषध. आता फेनबेंडाझोल या दुसऱ्या जंतनाशकाचा मोठा डोस पाच दिवस, जोडीला सूज उतरवणारं इंजेक्शन आणि दिवसातून चार-पाच वेळा कूस बदलणं. गुण येईल की नाही, हे ती अजून उठायची धडपड करते का यावर ठरणार होतं.

इथे त्यांनी एक गोष्ट फार चांगली केली. उपचार सुरू करण्याआधीच ठरवलं की पाच दिवसांनी ती आधार देऊन उभी राहिली तर पुढे जायचं, नाही राहिली तर तिला झोपवायचं. खर्चाचा आकडाही व्हेटबाईंकडून त्याच दुपारी घेतला. चौथ्या दिवशी पोटाखालून टॉवेल घालून दोघांनी उचललं तेव्हा तिने मागच्या दोन्ही पायांवर भार दिला. आज ती डावा मागचा पाय ओढत चालते, पण चालते. बिल झालं चौदाशे डॉलर.

ते बिल दुकानाच्या कार्डावर भरलं गेलं. जानेवारीत घाऊक विक्रेत्याचे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा खात्यात पुरेशी रक्कम नव्हती. ताई माझ्याकडे आल्या त्या या प्रश्नासाठी: गिऱ्हाईक कमी झालेलं नाही, विक्री उतरलेली नाही, मग पैसा जातो कुठे?

हिशेब

दुकान आणि शेत यांचं खातं एकच होतं, कार्डही एकच. पहिलं काम म्हणजे वर्षभराच्या नोंदी दोन ढिगांत लावणं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यातच सगळं उलगडलं.

ताई स्वतःच्या कळपाच्या लोकरीची शंभर ग्रॅमची लडी २६ डॉलरला विकत होत्या. त्यांच्या मते एका लडीचा खर्च साडेबारा डॉलर होता, म्हणजे दुकानातल्या इतर मालासारखाच दुपटीचा धंदा. हे साडेबारा कुठून आले? लोकर कातून देणाऱ्या गिरणीचं बिल भागिले आलेल्या लड्या. २०२३ मध्ये ६० पौंड कच्ची लोकर गिरणीत गेली, ३६ पौंड सूत परत आलं, म्हणजे १६३ लड्या. गिरणी आत आलेल्या वजनावर पैसे घेते, बाहेर गेलेल्या नव्हे. बिल २,०४० डॉलर.

पण गिरणीत जाण्याआधी ती लोकर कोणाच्या तरी अंगावर वर्षभर वाढली होती. चारा १,२३० डॉलर, क्षार आणि पेंड ६००, नेहमीची औषधं, लसी आणि व्हेटच्या फेऱ्या १,१००, विमा आणि कुंपणाची डागडुजी ९००, कातरणी ४५०. हे सगळे ४,२८० डॉलर ‘घरखर्च’ या नावाखाली किंवा दुकानाच्या किरकोळ खर्चात विरून गेले होते. ते गिरणीच्या बिलात मिळवले की एका लडीचा खर्च ३९ डॉलरच्या घरात जातो. आजारी मादीचं बिल यात धरलेलंच नाही.

म्हणजे विकलेल्या प्रत्येक लडीमागे तेरा डॉलरचा घाटा होता. सगळ्या लड्या खपतही नव्हत्या. वर्षाला नव्वदेक जात, उरलेल्या तळघरातल्या प्लास्टिकच्या पेट्यांत. मी पाहिलं तेव्हा तिथे दीडशेहून जास्त लड्या होत्या, बहुतेक फिकट तपकिरी.

त्या वर्षी कळपाने २,३४० डॉलर आणले आणि आजारपण धरून ७,७०० खाल्ले. दुकानाने एकट्याने बावीस हजार मिळवले होते. एकत्र खात्यात दिसत होते साडेसोळा.

करांची बाजूही होती. भाऊजी शेताचा तोटा शेतीच्या परिशिष्टात दाखवून पगारावरचा कर कमी करत होते. अमेरिकन आयकर खातं पाचांपैकी तीन वर्षं नफा दिसला तर तो धंदा आहे असं गृहीत धरतं. तसा नसेल तर तुम्ही खरोखर नफ्यासाठी खटपट करता का हे ते तपासू शकतं, आणि छंद ठरला तर उत्पन्नावर कर लागतो पण खर्चाची बहुतेक वजावट जाते. इथे चार वर्षं ओळीने तोटा होता. शेतजमिनीची मालमत्ता-कर सवलतही मिळत नव्हती: न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी साधारणपणे सात एकर लागतात, त्याहून कमी असेल तर वर्षाला पन्नास हजार डॉलरची शेतविक्री. सहा एकरांवर लोकर विकून पन्नास हजार होत नाहीत.

पर्याय

ताईंचं पहिलं म्हणणं सरळ होतं. सगळी जनावरं देऊन टाकायची. आकडे त्यांच्या बाजूने होते. पण लिलावाच्या बाजारात नेली तर तिथून ती कुठे जातात याची खात्री नसते, आणि लंगड्या मादीला कोणी नेणार नव्हतं. चांगलं घर शोधायचं तर महिने लागतात आणि तोवर चारा चालूच.

भाऊजींचा पर्याय पैदाशीचा. कळपात एक न खच्ची केलेला नर होता. पिल्लं विकायची आणि लोकर हा जोडधंदा समजायचा. यावर फार वेळ घालवावा लागला नाही. अकरा-साडेअकरा महिन्यांचं गाभणपण, एका वेळी एकच पिल्लू, आणि पिल्लाचा बाजारभाव त्याच्या आईच्या वर्षभराच्या खर्चाइतकाही नाही अशी स्थिती. शिवाय न विकलं गेलेलं प्रत्येक पिल्लू म्हणजे आणखी पंधरा-वीस वर्षांचा पाहुणा. त्या उन्हाळ्यात दोन माद्यांना नर दाखवला होता. गाभण मादी नराला थुंकून हाकलते. सप्टेंबरात त्या दोघी त्याच्यापुढे शांतपणे बसल्या, म्हणजे एकही गाभण नव्हती. तोट्याच्या वर्षात ही एक गोष्ट बरी झाली.

लडीचा भाव वाढवायचा का? दुकान बाहेरच्या मालावर ठेवतं तेवढा नफा घरच्या लडीवर ठेवायचा तर किंमत ७८ डॉलर लावावी लागली असती. शेजारच्याच फळीवर पेरू देशातली अल्पाका लडी १६ डॉलरला होती आणि ती हाताला जास्त मऊ लागत होती. त्यात नवल नाही. जगातले बहुतेक अल्पाका पेरूत आहेत आणि तिथे अरेकिपाच्या गिरण्यांत अनुभवी बायका लोकर बोटांनी चाचपून बारीकपणानुसार वेगळी करतात. ताई पाठीवरची, मानेवरची आणि पायांवरची लोकर एकाच पोत्यात भरून पाठवत होत्या. मऊ लोकरीत पायाचे राठ केस मिसळले की सगळं सूत टोचतं. वर त्या राठ केसांच्याही कताईचे पैसे भरायचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

लड्या न खपण्याचं दुसरं कारण ताईंच्या आईंनी सांगितलं. त्या हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि वेळ जावा म्हणून त्यांनी तळघरातल्या लोकरीचा जावयासाठी स्वेटर विणला होता. दोन सुलट दोन उलट असा घट्ट काठ घातला, तरी महिन्याभरात स्वेटर मांडीपर्यंत आला. “हा धागा परत मिटत नाही गं,” त्या म्हणाल्या, “याची शाल कर, अंगात घालायचं नको.” बरोबर होतं. मेरिनोचा केस कुरळा असतो, ताणला तरी जागेवर येतो. अल्पाकाचा केस गुळगुळीत आणि कमी लवचीक. ऊब भरपूर, पण वजनाने खाली ओढला जातो. गुरुवारच्या बायकांनीही हे अनुभवलं असणार, त्या फक्त बोलल्या नव्हत्या. एकदा घेतलेली लडी दुसऱ्यांदा घेत नव्हत्या इतकंच.

भाऊजींचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नव्हता. ते म्हणाले, लोक अल्पाकांमुळे दुकानात येतात, मग हा तोटा जाहिरातीचा खर्च धरा. मी म्हटलं, मोजू या. गल्ल्याशेजारी एक वही ठेवली. नवीन गिऱ्हाईक आलं की कसं कळलं ते विचारायचं आणि काय घेतलं ते लिहायचं. मार्चअखेरपर्यंत वही भरली.

नवीन लोकांपैकी तिसरा हिस्सा खरोखरच अल्पाकांचं ऐकून आला होता. पण त्यांनी लोकर घेतली नव्हती. त्यांनी तयार मोजे घेतले होते, हातमोजे, मुलांसाठी खेळणी. त्यांच्यातल्या बहुतेकांना विणता येत नव्हतं. आणि गुरुवारच्या ज्या बायका वर्षाला शेकडो डॉलरची लोकर नेत, त्यांना जनावरांशी घेणंदेणं नव्हतं. त्यांना रंग हवे होते. तिसरे थोडेसे लोक असे की जे चरख्यावर स्वतः कातणारे, आणि ते विचारत होते, “कच्ची लोकर नाही का मिळत?” ती नव्हती, कारण सगळी गिरणीत गेली होती.

एकाच जनावराचे तीन गिऱ्हाईक होते आणि तिघांनाही एकच लडी विकायचा प्रयत्न चालला होता. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली त्या वहीत होती, ताळेबंदात नाही.

आईंनीच आणखी एक गोष्ट सहज सांगितली. त्या सोलापूरकडच्या. त्यांच्या रानात दरवर्षी धनगर मेंढ्या बसवायचे. रात्रभर मेंढ्या शेतात, सकाळी खत तयार, आणि बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसे. “लोकर हा वरचा पैसा,” त्या म्हणाल्या. “निव्वळ लोकरीवर कळप कोण पोसतो?” दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीला आता तिकडेही गिऱ्हाईक उरलं नाही, पण मुद्दा टिकून होता. कळपाने आणखी कशाने तरी कमवायला हवं होतं.

काय केलं

सगळ्यात आधी शेताचं वेगळं बँक खातं उघडलं. यापुढे दुकान शेताकडून लोकर विकत घेईल, तीही बाहेरच्या विक्रेत्याला देईल त्याच भावाने, म्हणजे विक्रीच्या निम्म्याने. त्या भावात शेताचं भागत नसेल तर ते शेताच्या पानावर उघड दिसलं पाहिजे. ताईंना हे पटलं. भाऊजींना सुरुवातीला तो घरातल्या घरात सावकारी केल्यासारखा प्रकार वाटला.

नर खच्ची करून घेतला. कळप सातवर आणायचं ठरलं: व्हेटबाईंच्या म्हणण्याप्रमाणे सहा एकरांतलं खरं चराऊ कुरण तेवढ्यांनाच नीट पुरत होतं आणि जंतांचा भारही कमी होणार होता. चार जनावरं द्यायला पाच महिने लागले. पहिला गिऱ्हाईक चांगले पैसे देत होता, पण त्याला एकच हवा होता, बकऱ्यांच्या सोबतीला. अल्पाका एकटा ठेवला की खंगतो. ताईंनी नाही म्हटलं, तेही पैशांची सगळ्यात जास्त निकड असताना. शेवटी एक मायलेकींची जोडी आणि दोन खच्ची नर एकाच शेतावर गेले, जवळजवळ फुकट. मला विचाराल तर त्यांनी गमावलेल्या रकमेपेक्षा वर्षाचा वाचलेला चारा जास्त होता.

मे महिन्यातली कातरणी वेगळ्या पद्धतीने झाली. मी त्या दिवशी मदतीला होतो. कातरणारे दोघं ठरलेल्या फेरीवर गावोगाव हिंडतात, त्यांच्यापाशी थांबायला वेळ नसतो. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय दोराने ताणून त्याला गादीवर आडवं करतात. काही निमूट पडतात, काही असं किंचाळतात की शेजारी फोन करतात. पाठीची आणि बरगड्यांची लोकर एका अखंड पांघरुणासारखी निघते. तेवढ्यात दुसरा माणूस नखं कापतो, वाढलेले दात घासतो. सात-आठ मिनिटांत जनावर मोकळं.

पूर्वी त्यानंतर सगळं एका पोत्यात जायचं. यावेळी प्रत्येक जनावराला तीन पिशव्या होत्या, नाव आणि भाग लिहिलेल्या. पाठीचं पांघरूण जाळीच्या टेबलावर पसरायचं, कडांचे राठ केस तोडून टाकायचे, काटेकुटे आणि गवत झटकायचं. ताईंची बोटं इथे कामी आली. आठ वर्षं लोकर हाताळलेल्या बाईला सांगावं लागत नाही कुठला पुंजका कशाचा. संध्याकाळी त्या म्हणाल्या की हे काम माझं होतं आणि आजवर मी ते गिरणीवर सोडलं होतं.

मग वाटण्या. सगळ्यात मऊ तीन पांघरुणं न धुता कातणाऱ्यांसाठी ठेवली, औंसाला दोन डॉलर. त्यांना गिरणीचा खर्चच नाही. उरलेली चार, म्हणजे १४ पौंड, त्यात सहा पौंड मेरिनो मिसळून गिरणीत: ७० टक्के अल्पाका, ३० टक्के मेरिनो, म्हणजे धागा परत मिटेल. अमेरिकन लोकर-लेबल कायद्यात अल्पाकाही येतो, त्यामुळे लडीच्या चिठ्ठीवर हे प्रमाण, देश आणि बनवणाऱ्याचं नाव छापावं लागतं. ताईंनी त्याखाली ज्या जनावरांची लोकर त्यांची नावंही छापली. मानेची लोकर नमदा, म्हणजे दाबून घट्ट केलेलं लोकरीचं जाड कापड, करून बुटांच्या आतल्या तळव्यांसाठी आणि कपडे वाळवण्याच्या यंत्रातल्या गोळ्यांसाठी गेली. पायांची लोकर गुलाबांच्या बुंध्याशी. तळघरातल्या जुन्या लड्या रंगवून ‘शालीची लोकर’ म्हणून कमी भावात काढल्या. फिकट तपकिरी रंगावर गर्द निळा आणि मेंदी-हिरवा चढवला की छान खोली येते, आणि गुरुवारच्या बायकांना नेमके तेच रंग हवे होते.

विणता न येणाऱ्यांसाठी शेतावर येण्याचे दिवस ठरवले, तिकीट लावून. सप्टेंबरअखेरीला देशभर अल्पाका-शेतं लोकांना खुली असतात, ती पहिली संधी. त्याआधी पाहुण्यांच्या अपघाताचा विमा वाढवला, ३५० डॉलर जास्त. मोज्यांच्या टोपलीवर ‘आमच्या कळपाचे नाहीत, पेरूचे’ अशी पाटी लावली. भाऊजींना वाटलं यामुळे विक्री पडेल. पडली नाही.

निकाल

२०२४ हे वर्ष सरमिसळीत गेलं. २०२५ चे आकडे स्वच्छ आहेत. सात जनावरांचा वर्षाचा खर्च, वाढीव विम्यासकट, ३,४२० डॉलर. गिरणी आणि मेरिनो मिळून ८७०. उत्पन्न: ६८ लड्या ३४ डॉलरने, सगळ्या गेल्या, २,३१०. कच्ची पांघरुणं ३३५. नमद्याच्या वस्तूंचे खर्च वजा जाता ३००. लेंडीखत, बागवाल्यांना बादलीने, २००. तिकिटं १,९००. म्हणजे ४,२९० विरुद्ध ५,०४५. साडेसातशे डॉलर वर.

दुकान आणि शेत एकत्र धरून हा आकडा आहे. दुकानाचा निम्मा वाटा काढला तर शेत आजही तोट्यात आहे, आणि मी ते त्यांना तसंच दाखवलं. पण हा तोटा आता कितीचा आणि कशापायी ते दोघांना ठाऊक आहे, आणि याच हिशेबाने, आजारपण सोडून, पाच हजारांवरून तो चारशेच्या आसपास आला आहे. कर खात्याने विचारलंच तर वेगळं खातं, बदललेली पद्धत आणि लिहून ठेवलेले निर्णय दाखवता येतील.

इंजेक्शनाची तारीख आता दुकानाच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आहे, मेळ्याच्या तारखेच्या शेजारी. वर्षभर सतत टोचल्याने पोटातले दुसरे जंत औषधाला सरावतात, म्हणून व्हेटबाई लेंडी तपासून बाकीच्या औषधांचं ठरवतात.

वेगळं काय करता आलं असतं

सात जनावरं घेण्याआधी एक हिवाळा थांबता आलं असतं. चार जनावरांच्या एका वर्षाच्या पावत्या वेगळ्या ठेवल्या असत्या तर अकरांचं गणित पाटीवर मांडता आलं असतं. भाऊजी हे मान्य करतात, ताई त्याला ट्रेलरचं प्रकरण म्हणतात.

ऱ्हाइनबेकच्या आठवड्यात टोचणीसाठी पगारी माणूस ठेवणं फार स्वस्त पडलं असतं. एका दुपारची मजुरी आणि चौदाशे डॉलर यांची तुलना करायची गरज नाही.

मेरिनो मिसळण्याचा निर्णय मला अजून पूर्ण पटलेला नाही. धागा सुधारला हे खरं. पण ‘आमच्या कळपाची’ ही एकच गोष्ट पेरूच्या लडीपाशी नव्हती, आणि तिच्यात तीस टक्के विकतची लोकर आली. ताईंचं उत्तर असं की स्वेटर लोंबला तर गोष्ट कोणी ऐकत नाही. पुढच्या वर्षी काही लड्या निव्वळ अल्पाकाच्या, पातळ, फक्त शालीसाठी, करून बघायचं ठरलं आहे. मात्र गिरणी दहा पौंडांखाली वेगळा घाणा लावत नाही, त्यामुळे एक पांघरूण कातणाऱ्यांच्या वाट्यातून काढावं लागेल. कुठलं, यावर त्या दोघांचं एकमत नाही.

आणि मजुरी. वरच्या एकाही आकड्यात ती नाही. भाऊजी रोज सकाळ-संध्याकाळ मिळून दीड तास गोठ्यात असतात. आमच्या भागात २०२५ चं किमान वेतन ताशी साडेपंधरा डॉलर होतं. त्या दराने वर्षाचे साडेआठ हजार होतात. मी हा आकडा काढून दाखवला तेव्हा भाऊजी म्हणाले, त्यातून माझी जिमची फी वजा करा. ताई म्हणाल्या, अजिबात करू नका. म्हणून तो आकडा शेताच्या पानावर तळाशी, बेरजेच्या रेषेखाली लिहिलेला असतो.